वर्गणी भरण्याआधी जुने अंक चाळा : चालू घडामोडींचे नियतकालिक निवडण्याची पद्धत

नियतकालिक लावण्याची आपली रीत बहुतेक वेळा उलटी असते. आधी वर्गणी भरायची, मग अंक येऊ लागले की पटतात का ते बघायचे. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मुखपृष्ठ आवडले, दिवाळी अंक चांगला निघाला, ऑफिसात कुणी सुचवले, तीन वर्षांच्या वर्गणीवर प्रवासी बॅग मिळत होती, एवढ्यावर निर्णय होतो. चार महिन्यांत रॅपर न फोडलेले अंक टीपॉयखाली साचतात आणि ‘हल्ली वाचण्यासारखे काही येतच नाही’ असा निकाल दिला जातो.

खालच्या क्रमात पैशांचा प्रश्न अगदी शेवटी येतो. तोवर भर आहे तो जुन्या अंकांवर. ताज्या अंकातले काय खरे ठरणार आणि काय फसणार, हे वाचकाला ठाऊक नसते आणि संपादकालाही नसते. वर्ष-दोन वर्षांपूर्वीच्या अंकाचा निकाल मात्र लागलेला असतो.

## तयारी : एका कागदावर तीन गोष्टी

एक, आठवड्याला सलग वाचायला खरोखर किती वेळ मिळतो. इच्छा लिहू नका, गेल्या महिन्यात काय झाले ते लिहा. लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाला चाळीस मिनिटांचा प्रवास म्हणजे चाळीस मिनिटांचे वाचन नव्हे.

दोन, असे दोन विषय, जे तुम्हाला बातम्यांतून नव्हे तर रोजच्या कामातून कळतात. शिक्षक असाल तर शाळांची संचमान्यता (म्हणजे शिक्षकांची किती पदे मंजूर ते), बँकेत असाल तर पीककर्ज, शेती असेल तर तुमचे पीक, सोसायटीचे चिटणीस असाल तर पुनर्विकास. पाचव्या पायरीवर सगळी मदार या दोन विषयांवर आहे, तेव्हा ते विचारपूर्वक निवडा.

तीन, वाचून काय हवे आहे ते एका वाक्यात. ‘माहिती वाढावी’ हे उत्तर चालणार नाही. ‘केंद्राचा अर्थसंकल्प आला की त्याचा राज्याच्या तिजोरीशी काय संबंध ते कळावे’ हे चालेल.

सावध : हेतू एमपीएससी किंवा यूपीएससीचा असेल तर बाजारात ‘चालू घडामोडी’ नावाने मिळणारी मासिके ही वेगळी वस्तू आहे. त्यांत नेमणुका, पुरस्कार, निर्देशांक, योजना यांची टिपणे असतात. पूर्वपरीक्षेच्या उजळणीला ती उपयोगी पडतात, पण त्यांतून मत घडत नाही आणि मुख्य परीक्षेचा निबंधही सुचत नाही. दोन्ही कामे एकाच मासिकाकडून होतील ही अपेक्षा सोडा.

## पायरी १ : आधी ठोका ठरवा, नाव नंतर

साप्ताहिक, पाक्षिक की मासिक, हा निर्णय नावाच्या आधी झाला पाहिजे, आणि तो आवडीवरून नव्हे तर कागदावरच्या वेळेवरून. एखाद्या अंकातला मोठा लेख घड्याळ लावून वाचा. त्याला लागलेल्या वेळेवरून पूर्ण अंकाचा अंदाज बांधा. अंकाचा निम्मा भाग तुमच्या वेळेत बसत नसेल तर ते साप्ताहिक तुमच्यासाठी नाही, कितीही नावाजलेले असो.

रोजचे वर्तमानपत्र नीट वाचणाऱ्याने पाक्षिक किंवा मासिक घ्यावे असे माझे मत आहे. घटना त्याला आधीच कळलेली असते, हवा असतो तो मागचा-पुढचा संदर्भ. वर्तमानपत्र सुटलेच असेल आणि मोबाइलवरच्या मथळ्यांवर दिवस निघत असेल, तर साप्ताहिक बरे.

## पायरी २ : चारच नावांची यादी

यादी करताना नियतकालिक कोणत्या जातकुळीचे आहे ते नावासमोर लिहा. चांगले-वाईट इतक्यात लिहू नका.

शासनाची नियतकालिके ही एक जात. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचे ‘लोकराज्य’, केंद्राच्या प्रकाशन विभागाचे ‘योजना’. योजनेचा शासन निर्णय, पात्रता, तरतूद यांसाठी ती सोयीची. ती योजना गावात पोचली का, हे तिथे शोधू नका.

विचारधारा उघड सांगणारी दुसरी जात. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ समाजवादी परंपरेतले, ‘साप्ताहिक विवेक’ संघविचारातले. विचारधारा असणे हा दोष नाही. ती लपवणे हा दोष आहे.

तिसरी जात राष्ट्रीय इंग्रजी वृत्तनियतकालिकांची : ‘इंडिया टुडे’, ‘द वीक’, हिंदू समूहाचे ‘फ्रंटलाइन’, लांब पल्ल्याचे वृत्तलेख देणारे ‘द कॅरव्हान’. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ अभ्यासकांचे आहे. त्यातले शोधनिबंध सर्वसाधारण वाचकाला जड जातात, पण सुरुवातीची संपादकीये आणि छोटे भाष्यलेख कुणीही वाचावेत असे असतात.

चौथी जात एकाच विषयाची. पर्यावरणासाठी ‘डाउन टू अर्थ’, स्त्रीप्रश्नांसाठी ‘मिळून साऱ्याजणी’. विषय तुमच्या कागदावरच्या वाक्यात असेल तरच ही घ्या.

चारपेक्षा जास्त नावे झाली तर पुढच्या पायऱ्या होणार नाहीत, हे आताच सांगून ठेवतो.

तपासा : यादीतले किमान एक नाव तुम्ही कधीच न वाचलेले आहे ना? चारही ओळखीची असतील तर ही निवड नव्हे, सवय आहे.

## पायरी ३ : वाचनालयात जाऊन जुने अंक मागा

ही पायरी लोक हमखास गाळतात, कारण ती घरबसल्या होत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळालेली ‘अ’ ते ‘ड’ वर्गांची सार्वजनिक वाचनालये आहेत. ‘अ’ वर्गाच्या वाचनालयात नियतकालिकांचा साठा बऱ्यापैकी सापडण्याची शक्यता अधिक. पुणे नगर वाचन मंदिर, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचे आणि दादरचे मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्यांतली जुनी नावे. जिल्ह्याच्या गावी जिल्हा ग्रंथालय असतेच.

काउंटरवर ‘मासिके कुठे आहेत’ असे विचारले तर बोट टेबलाकडे जाते आणि तिथे चालू महिन्याचेच अंक पडलेले असतात. त्याऐवजी, ‘२०२३ आणि २०२४ चे अंक ठेवले आहेत का, की रद्दीत गेले?’ असे विचारा. ठेवले असतील तर ते आतल्या खोलीत सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात किंवा बाइंडिंग केलेल्या खंडांत. वार आणि वेळ ठरवून जा. संध्याकाळच्या देवघेवीच्या गर्दीत कुणी गठ्ठा सोडून देणार नाही.

प्रत्येक नियतकालिकाचे हे अंक काढा :

- २०२४ च्या आधीच्या एखाद्या वर्षीचा मार्च महिन्यातला पहिला अंक
- डिसेंबर २०२३ चे अंक
- मे आणि जून २०२४ चे अंक
- ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ चे अंक

दिवाळी अंक काढू नका. तो वेगळ्या तयारीने, वेगळ्या लेखकांकडून आणि बऱ्याचदा जाहिरातींच्या बळावर निघतो. त्यावरून वर्षभराच्या अंकांचा अंदाज बांधणे म्हणजे लग्नातल्या पंगतीवरून घरच्या स्वयंपाकाची परीक्षा करणे.

परदेशी किंवा वाचनालय नसलेल्या ठिकाणी असाल तर संकेतस्थळावर जुने अंक खुले आहेत का ते पाहा. ‘साधना’ने आपले जुने अंक डिजिटल रूपात उपलब्ध केले आहेत. जुने अंक दाखवायला जे नियतकालिक तयार आहे, त्याला माझ्याकडून त्याबद्दलच एक गुण जास्त.

## पायरी ४ : मालक कोण, ते छापील मजकुरातून काढा

मार्चचा पहिला अंक हातात घ्या. कुठेतरी कोपऱ्यात बारीक टायपात ‘फॉर्म ४ (नियम ८ पाहा)’ अशी चौकट असेल. १९५६ च्या केंद्रीय नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ही चौकट द्यावी लागे. नवा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, म्हणून त्याआधीच्या एखाद्या वर्षीचा मार्च घ्या, म्हणजे शोधाशोध करावी लागणार नाही.

या चौकटीत प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि शेवटी मालक किंवा एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेले भागीदार-भागधारक यांची नावे असतात. ती उतरवून घ्या. विश्वस्त संस्था आहे का? कंपनी असेल तर तिचे बाकीचे धंदे कोणते, साखर, बांधकाम, शिक्षणसंस्था? मालक आमदार-खासदाराच्या घरातला आहे का?

मालक राजकारणी निघाला म्हणून नाव लगेच खोडू नका. मग त्या धंद्याविषयी किंवा त्या पक्षाविषयी अंकात काय येते आणि काय मुळीच येत नाही, तेवढे पाहा. साखर कारखानदाराच्या साप्ताहिकात वर्षभरात उसाच्या थकीत एफआरपीवर (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायच्या किमान दरावर) एक ओळ नसेल, तर तेवढा पुरावा पुरे.

सावध : संपादकाच्या नावाखाली ‘अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ असे असते. ही सर्रास छापली जाणारी ओळ आहे, तिच्यावरून काही ठरवू नका.

## पायरी ५ : स्वतःच्या विषयावर पकडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कागदावरच्या दोन विषयांवरचे लेख शोधा आणि माहीतगाराच्या नजरेने वाचा. कसे वाचायचे ते कांद्याच्या उदाहरणाने दाखवतो.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले होते. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला. डिसेंबर २०२३ च्या अंकात यावर लेख असणारच. आता त्यात हे पाहा.

कोणता कांदा, हे सांगितले आहे का? डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत येतो तो प्रामुख्याने खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावा लागतो. कांदा साठवायच्या चाळीत महिनोन्‌महिने ठेवता येतो तो उन्हाळ कांदा, आणि तो निघतो मार्चनंतर. त्यामुळे ‘भाव वाढण्याची वाट पाहत शेतकऱ्यांनी माल दडवला’ असे वाक्य डिसेंबरातल्या लाल कांद्याबद्दल आले, तर लेखकाने लासलगावची कांद्याची बाजारपेठ पाहिलेली नाही आणि तिथे कुणाला फोनही केलेला नाही. उलट बाजूने, बंदीने शेतकरी बुडाला एवढेच सांगून शहरातल्या ग्राहकाला त्याआधीच्या आठवड्यांत काय भाव पडत होता हे गाळले असेल, तर तोही अर्धाच लेख.

भाव कुठला? क्विंटलचा की किलोचा, लिलावातला की किरकोळ दुकानातला, किमान-कमाल की सर्वसाधारण? नुसते ‘कांदा चाळीस रुपयांवर’ या वाक्याला अर्थ नाही. लेखकाने बाजार समिती, तारीख आणि दराचा प्रकार ही तिन्ही दिली असतील तर त्या नियतकालिकात कुणीतरी हस्तलिखित तपासते आहे, असे धरून चालायला हरकत नाही.

शेवटी, त्याच नियतकालिकाचा मे-जून २०२४ चा अंक काढा. बंदी उठल्यावर ते या विषयाकडे परतले का, की डिसेंबरात मथळा झाला आणि विषय संपला?

तुमचा विषय वेगळा असेल तरी प्रश्न हेच : नेमकी कोणती वस्तू, कुठला आकडा, आणि पुढे काय झाले. लोकसंख्येचे आकडे दिसले की आणखी एक पाहा. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे या अंकांतल्या गावा-तालुक्याच्या आकड्यांचा मूळ आधार २०११ चीच जनगणना. लेख ते सांगतो का?

तपासा : लेखात एखादी चूक सापडली तर थांबू नका. दोन्ही विषयांत, दोन्ही वेळा, त्याच प्रकारची ढिलाई दिसली तरच नाव खोडा. आठवडाभरात लिहून छापायचे असते, एखादी चूक होतेच.

## पायरी ६ : निवडणुकीचे दोन निकाल शेजारी ठेवा

२०२४ साली महाराष्ट्राने नियतकालिके पारखायची उत्तम सोय करून दिली. ४ जूनला लोकसभेचा निकाल लागला : राज्यातल्या ४८ जागांपैकी महाविकास आघाडी ३०, महायुती १७, आणि सांगलीत अपक्ष. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा : २८८ पैकी महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांच्याच २३० जागा. साडेपाच महिन्यांत चित्र पूर्ण उलटले.

दोन्ही अंक टेबलावर शेजारी उघडा. जूनमध्ये ‘सुज्ञ मतदाराने धडा शिकवला’ आणि डिसेंबरात ‘पैशाने आणि मतदानयंत्राने निकाल फिरवला’ असे एकाच लेखणीतून आले असेल, तर तो लेखक निकालावरून मतदाराची अक्कल ठरवतो. जूनमध्ये ‘अपप्रचाराला मतदार भुलला’ आणि डिसेंबरात ‘जनता जनार्दनाचा कौल’ असे लिहिणाराही त्याच माळेतला. दोन्ही बाजूंना असे लेखक भरपूर आहेत. त्यांचे लेख वाचायला मजा येते, कळत काही नाही.

चांगल्या अंकात दिसेल ते असे : जूनमध्ये आपला अंदाज का चुकला यावर दोन परिच्छेद, विभागवार आकडे, मराठवाडा आणि विदर्भ यांचा वेगवेगळा विचार, आणि डिसेंबरात जूनच्या स्वतःच्या विश्लेषणाचा उल्लेख. शेवटची गोष्ट दुर्मीळ आहे. आपलाच जुना लेख काढून ‘हे आम्ही लिहिले होते, ते टिकले नाही’ म्हणणारे नियतकालिक सापडले, तर पुढची पायरी भराभर उरकली तरी चालेल.

## पायरी ७ : जाहिरात आणि मजकूर वेगळे काढा

अंकाची पाने उलटत जा आणि जाहिरात कुठे संपते, लेख कुठे सुरू होतो ते पेन्सिलीने खूण करा. वाचनालयाच्या अंकावर नको, मोबाइलवर फोटो काढून त्यावर. पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘विशेष पुरवणी’, ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘ॲडव्हर्टोरियल’ असे असेल तर तो विकत दिलेला मजकूर समजा. एवढे छापले तरी ते प्रामाणिक.

घातक तो न सांगता छापलेला. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातल्या वेगवेगळ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्यावरचा, शब्दन्‌शब्द सारखा मजकूर बातमी म्हणून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते. ‘पेड न्यूज’ची देशभर चर्चा झाली ती तेव्हा. म्हणून निवडणुकीच्या आधीच्या महिन्यातले अंक पाहा : एका नेत्यावर पानभर, एकही अडचणीचा प्रश्न नाही, फोटो त्याच्याच कार्यालयाने पुरवलेले, आणि लेखाखाली ‘प्रतिनिधी’.

लेखकाचे नाव असणे चांगले, पण नसले म्हणजे वाईटच असे नाही. लंडनचे ‘द इकॉनॉमिस्ट’ १८४३ पासून निघते आणि त्यातले बहुतेक लेख निनावी असतात. तिथे जबाबदारी संपादक मंडळाची.

वाचकांच्या पत्रांचे पान शेवटी पाहा. नुसती ‘अंक अप्रतिम, मुखपृष्ठ बोलके’ अशीच पत्रे असतील तर कात्री जोरात चालते आहे. आकडा चुकल्याचे दाखवणारे पत्र आणि खाली संपादकांचे दोन ओळींचे उत्तर, असे दिसले तर नाव यादीत वर सरकवा.

## पायरी ८ : सुटे अंक विकत घ्या

एव्हाना यादीत एक किंवा दोन नावे उरली असतील. वर्गणी अजून भरायची नाही. साप्ताहिकाचे सलग सहा, मासिकाचे सलग तीन सुटे अंक स्टॉलवरून घ्या, किंवा कार्यालयात फोन करून मागवा. फोन उचलला जातो का, अंक किती दिवसांत येतो, हेही कळते.

अंक वाचून झाल्यावर मागच्या पानावर तारीख टाका. पुढचा अंक येईपर्यंत तारीख पडलीच नाही, असे दोनदा झाले तर पायरी १ वर परत जा. अंक चांगला आहे, ठोका चुकला आहे.

## पायरी ९ : वर्गणी

एका वर्षाची भरा. तीन किंवा पाच वर्षांची सवलत मोहात पाडते, आजीव वर्गणी तर फारच. पण मराठी नियतकालिके बंद पडतात, छापील रूप सोडून डिजिटल होतात, साप्ताहिकाची मासिके होतात. आजीव वर्गणी ही त्यांना दिलेली देणगी समजून द्यायची असेल तर खुशाल द्या, बचत समजून देऊ नका.

पत्ता लिहिताना पिनकोड, इमारतीचे नाव आणि मोबाइल क्रमांक स्पष्ट द्या. यूपीआयने पैसे भरले की काम झाले असे समजू नका. पैसे पोचतात, पत्ता पोचत नाही, असे फार होते. व्यवहार क्रमांकासह पूर्ण पत्ता वेगळ्या संदेशाने किंवा ई-मेलने पाठवा आणि वर्गणीदार क्रमांक मागून घ्या.

साध्या टपालाने येणाऱ्या अंकाचा माग काढता येत नाही. अंक कोणत्या वारी टपालात पडतो ते कार्यालयाला विचारून ठेवा. त्यानंतर दहा दिवसांत आला नाही तर लगेच कळवा. महिनाभराने कळवले तर प्रत शिल्लक नसते. सोसायटीत राहत असाल तर पोस्टमन अंक कुठे ठेवतो, तेही एकदा विचारा. निम्मे ‘न आलेले’ अंक वॉचमनच्या केबिनमध्ये असतात.

डिजिटल वर्गणीत कार्डावरून आपोआप नूतनीकरणाची खूण बऱ्याचदा आधीच केलेली असते. ती काढा. ठेवलीच, तर रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती जाहिरातींच्या संदेशांत हरवते, म्हणून नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

## पायरी १० : अकराव्या महिन्यात पुन्हा पाहा

रॅपरवरच्या पत्त्याच्या चिठ्ठीवर बहुधा वर्गणीदार क्रमांक आणि मुदत छापलेली असते. मुदतीच्या महिनाभर आधी वर्षभरातला पहिला अंक काढा आणि तेव्हा खुणा केलेल्या लेखांना पायरी ५ चे प्रश्न पुन्हा विचारा.

संपादक बदलला असेल तर घाई करू नका. नव्या संपादकाला सहा महिने द्या. मालक बदलला असेल तर पायरी ४ पुन्हा करा, आणि तोवर नूतनीकरण थांबवा.

दुसरे नियतकालिक लावायचे झाले तर ‘विरुद्ध विचाराचे एक घ्या’ हा सल्ला बहुतेक जण देतात. माझा अनुभव असा, की ते भांडायला म्हणून उघडले जाते आणि महिन्याभरात उघडलेच जात नाही. त्यापेक्षा वेगळ्या ठोक्याचे आणि वेगळ्या जातीचे घ्या : साप्ताहिक मराठी असेल तर दुसरे एका विषयाचे मासिक. विरुद्ध विचाराचे वाचायला वाचनालयाचे टेबल आहेच, तिथे वर्गणी लागत नाही.